चोरदिंडीचा इतिहास

इंदूरच्या राजवाड्यावरून कृष्णपुऱ्याच्या पुलाकडे निघाले म्हणजे कान्ह नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या दिसू लागतात. यशवंतरावांच्या पत्नी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांची ही स्मारके. त्या छत्र्यांपासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या वाड्याच्या माडीवर माझे बिऱ्हाड आहे. निवृत्तीनंतर मी एक उद्योग अंगावर घेतला आहे: महिदपूरच्या लढाईच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या मोडी कागदांच्या छायाप्रती मिळवावयाच्या आणि त्यांचे बाळबोध लिप्यंतर करून ठेवावयाचे. १८१७ च्या डिसेंबरात लढाईच्या अगदी तोंडावर तुळसाबाईंचा त्यांच्याच छावणीत वध झाला, २१ तारखेला महिदपुरास पराभव झाला आणि १८१८ च्या ६ जानेवारीस मंदसोरचा तह झाला. कृष्णाबाईंचा मुलगा मल्हारराव तेव्हा अवघा दहा-अकरा वर्षांचा होता. आपल्याच गोटातल्या माणसांवर विश्वास ठेवावा की नाही, ही त्या काळातल्या माणसांच्या मनातली धास्ती कागदाकागदांतून डोकावते.

ती धास्ती मला पुस्तकातून कळली होती. अनुभवाने कळली ती दोन वर्षांपूर्वी, आणि तीही संगणकामुळे.

झाले असे, की माझे पूर्वीचे सारे लिखाण जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात होते. ते हल्लीच्या युनिकोड लिपीत आणावयाचे म्हणजे एक विकतची प्रणाली हवी. एका दुकानदाराने ती मला पेनड्राइव्हवर घालून फुकट दिली. "काका, फक्त एक करा," तो म्हणाला, "ही चढवताना अँटिव्हायरस बंद ठेवा, नाहीतर चालणार नाही." मी ते केले. प्रणाली उत्तम चालली. सहा आठवड्यांनी पुण्याच्या एका स्नेह्यांचा फोन आला: "अहो, तुम्ही पाठविलेली फाईल उघडतच नाही." मी त्यांना कसलीही फाईल पाठविलेली नव्हती. आमच्या जुन्या पत्रव्यवहारातलेच एक पत्र घेऊन, त्याच्याच उत्तरादाखल, माझ्या नावाने कोणीतरी ती रवाना केली होती. ती माझ्याकडून आली, एवढ्याच विश्वासावर त्यांनी ती उघडली.

संगणकशास्त्रात या प्रकाराला 'बॅकडोर' म्हणतात. मागचे दार असे त्याचे सरळ भाषांतर होईल. परंतु मराठीत याहून नेमका शब्द तीनशे वर्षांपासून पडून आहे. तो म्हणजे चोरदिंडी. रामचंद्रपंत अमात्यांनी सुमारे १७१५ साली सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणी या दिंडीचा विचार आला आहे. गडाला एकच दरवाजा असणे हा त्यांच्या मते मोठा दोष; म्हणून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्याही असाव्यात; मात्र नित्य वहिवाटीला लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून बंद कराव्यात, असा त्या सल्ल्याचा आशय आहे. चोरदिंडी ही मुळात चोराने पाडलेली नसते. ती गड बांधणाराच ठेवतो, सोयीसाठी, अडचणीच्या वेळी निसटण्यासाठी. धोका उत्पन्न होतो तो तिची माहिती भलत्याला झाली म्हणजे.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. फक्त त्याकडे या दृष्टीने आपण पाहत नाही. १६६३ च्या एप्रिलात शाहिस्तेखान पुण्याच्या लालमहालात मुक्काम ठोकून होता. पहारे कडेकोट होते. शिवाजीमहाराज आत शिरले ते मुदपाकखान्याच्या बाजूने, चिणून टाकलेली वाट फोडून, असे वर्णन आढळते. त्या वाड्यात महाराजांचे बालपण गेले होते. कोणती भिंत जाड आणि कोणती नुसता गिलावा, हे खानाच्या पहारेकऱ्यांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असणार. खान घरात राहत होता खरा, परंतु घर ओळखत नव्हता. आज आपण सर्वजण आपापल्या संगणकाच्या बाबतीत थोडेबहुत शाहिस्तेखानच आहोत. (हे वाक्य माझ्या भाचीला आवडले नाही, परंतु ते खरे असल्यामुळे राहू देतो.)

संगणकातल्या चोरदिंडीचा जन्मही असाच सोयीतून झाला. मोठाले संगणक अनेक माणसे एकत्र वापरीत असत, त्या काळी ते घडविणारे अभियंते दुरुस्तीसाठी स्वतःपुरती एखादी आडवाट ठेवीत. तिच्यातला धोकाही लवकरच लक्षात आला. अमेरिकेच्या वायुदलासाठी पॉल कार्गर आणि रॉजर शेल या दोघांनी 'मल्टिक्स' नावाच्या, त्या काळी सुरक्षित समजल्या जाणाऱ्या प्रणालीची परीक्षा घेतली आणि १९७४ साली अहवाल दिला. अशी गुप्त वाट आत बसविता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष बसवूनच दाखविले.

त्यानंतर दहा वर्षांनी केन थॉम्प्सन यांनी जे सांगितले, ते मला या साऱ्या इतिहासातले अत्यंत अस्वस्थ करणारे प्रकरण वाटते. थॉम्प्सन हे युनिक्स प्रणालीच्या दोन प्रमुख जनकांपैकी एक. संगणकशास्त्रातला मोठा मान असलेले ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले आणि त्या निमित्ताने केलेले त्यांचे व्याख्यान १९८४ च्या ऑगस्टमध्ये छापून आले. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला कळेल अशा भाषेत उतरविणारा एक कार्यक्रम असतो. त्याला कंपायलर म्हणतात. थॉम्प्सन यांनी दाखविले ते असे: या कंपायलरलाच एक खोड लावून ठेवता येते. परवलीचा शब्द तपासणारी आज्ञावली त्याच्यापुढे आली की त्याने मुकाट्याने तीत एक गुप्त शब्द घुसडावयाचा; आणि स्वतः कंपायलरचीच नवी प्रत करावयाची वेळ आली की तीच खोड त्या प्रतीतही उतरवावयाची. एवढे साधले म्हणजे मूळ लिखाणातून सारा पुरावा पुसून टाकता येतो. मग तज्ज्ञाने मूळ आज्ञावली ओळीन् ओळ वाचली तरी तीत काही सापडणार नाही, आणि दिंडी मात्र शाबूत असेल. जे तुम्ही स्वतः सर्वस्वी रचलेले नाही, त्याची तपासणी करून खात्री पटत नाही. खात्री करावयाची ती रचणाऱ्या माणसाची, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मोडी कागद अस्सल की बनावट हे ठरविताना आम्हीही अखेर हेच विचारतो: हा कोणाच्या दप्तरातून आला?

हे सारे तोवर प्रयोगशाळांतले आणि सरकारी कचेऱ्यांतले होते. घरगुती संगणकावर ते आले १९९८ साली. स्वीडनमध्ये 'नेटबस' नावाची प्रणाली निघाली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लास व्हेगासच्या एका मेळाव्यात 'बॅक ऑरिफिस' जाहीर झाली. मायक्रोसॉफ्टच्या बॅकऑफिस या उत्पादनाची ती असभ्य टवाळी होती. विंडोजची सुरक्षितता किती तकलादू आहे हे जगाला दाखवावयाचे आहे, असे कर्त्यांचे म्हणणे. परिणाम असा झाला, की दूर बसलेल्या माणसाला परक्याच्या संगणकातली कागदपत्रे वाचणे, बदलणे, टंकलेले प्रत्येक अक्षर टिपून घेणे हे शाळकरी पोरालाही जमू लागले.

चोर घरातून काही नेतो, एवढेच आपल्याला माहीत असते. काही आणून ठेवणारा चोर आपल्या कल्पनेत बसत नाही. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातल्या एका कायद्याच्या अध्यापकाच्या संगणकावर १९९९ साली अत्यंत घृणास्पद आणि कायद्याने गुन्हा ठरणारी छायाचित्रे सापडली. ती हजारोंच्या संख्येने होती. त्याची नोकरी गेली, लोकांत छीःथू झाली आणि त्याला देश सोडावा लागला. त्या यंत्रावर नेटबस होती आणि ती छायाचित्रे बाहेरून घातली गेली असणे शक्य होते, हे न्यायालयात मान्य होऊन तो निर्दोष सुटला, तो २००४ साली.

असाच प्रश्न आपल्या पुण्याच्या एका खटल्यात उभा राहिला. एल्गार परिषद प्रकरणी २०१८ साली पोलिसांनी काही संगणक जप्त केले आणि त्यांतली पत्रे हा पुराव्याचा महत्त्वाचा भाग ठरला. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायसाहाय्यक संस्थेने आरोपींच्या वकिलांच्या सांगण्यावरून एका संगणकाची प्रत तपासली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला. १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावरून आलेल्या ई-पत्रातली फाईल उघडली गेली, तीतून 'नेटवायर' नावाची चोरदिंडी बसली, बावीस महिन्यांहून अधिक काळ ती चालू होती आणि ती पत्रे तिच्याच वाटेने एका दडविलेल्या कप्प्यात ठेवण्यात आली, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. तपासयंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. त्याचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. ते आपले नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे कुतूहल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. कागद कोणाच्या पेटीत सापडला यावरून तो त्याचा, असे आम्ही आजवर धरून चालत आलो. ज्या पेटीला आणखी एक झाकण असू शकते, तिच्यातल्या कागदाचा धनी ठरवावयाचा कसा? नेटवायर ही उघड विकली जाणारी वस्तू होती, हेही येथे सांगितले पाहिजे. तिच्या विक्रीचे संकेतस्थळ २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या तपासखात्याने जप्त केले, आणि ते चालविल्याच्या संशयावरून क्रोएशियात एका इसमास अटक झाली.

आता महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा एक प्रसंग. उरणजवळच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हा मालपेट्यांचा धक्का आहे. २७ जून २०१७ रोजी तेथले संगणक बंद पडले. कोणती पेटी कोणाची, कोणत्या जहाजावर चढवावयाची, हे सांगणारे यंत्रच मुके झाले आणि मालाची चढउतार खोळंबली. या साऱ्याचे मूळ कोठे होते? युक्रेनमध्ये. तेथील व्यापारी कराचे हिशेब ठेवण्यासाठी 'एम.ई.डॉक' नावाची प्रणाली वापरीत. तिच्या कर्त्यांच्याच संगणकात कोणी शिरले आणि त्या वर्षीच्या एप्रिलपासून ग्राहकांकडे जाणाऱ्या काही सुधारणांत एक चोरदिंडी घालून ठेवली. ग्राहकांनी त्या सुधारणा विश्वासाने चढविल्या; चढवावयासच हव्या होत्या. जूनच्या अखेरीस त्या दिंडीतून 'नॉटपेट्या' हा विध्वंसक कार्यक्रम आत आला आणि जगभर पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीची युक्रेनमध्ये कचेरी होती. न्हावा-शेव्याचा तो धक्का मर्स्कच्याच समूहातला. असा हा संबंध.

मर्स्कने यातून मार्ग काढला तो मोठा बोधप्रद आहे. संगणक धुऊनपुसून वापरण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. सुमारे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार वैयक्तिक संगणक त्यांनी नव्याने उभे केले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ च्या जानेवारीत सांगितले. परंतु साऱ्या जाळ्याची किल्ली म्हणता येईल अशी वापरकर्त्यांची मूळ नोंद सगळीकडे नष्ट झाली होती. ती एकाच ठिकाणी सुरक्षित सापडली: आफ्रिकेतल्या घाना देशातील कचेरीत. हल्ल्याच्या वेळी तेथली वीज गेलेली होती, म्हणून तेवढा एक संगणक जाळ्यापासून तुटलेला राहिला. वीज गेल्याबद्दल कोणी देवाचे आभार मानल्याचे हे एकच उदाहरण माझ्या वाचनात आहे.

घरच्या संगणकात ही दिंडी कशी बसते, हे आता ओघानेच आले. पत्राला जोडलेली फाईल, चोरटी, फुकट मिळालेली प्रणाली, परक्याचा पेनड्राइव्ह, आणि विंडोजमधले, कर्त्यांनी दुरुस्ती पाठवूनही आपण आळसाने न बुजविलेले एखादे भगदाड. पहिल्या तिन्ही वाटांना आपला स्वतःचा हात लागतो. एकदा आत आला की हा कार्यक्रम प्रथम आपली वतनदारी पक्की करतो: संगणक सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या गोष्टींच्या यादीत, नाहीतर ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांत, साळसूद नावाने स्वतःची नोंद करून ठेवतो. मग तो आतून बाहेर संधान बांधतो. बाहेरून येणारा अनोळखी माणूस पहारेकरी अडवितो, पण आतला माणूस गवाक्षातून दिवा दाखवीत असेल तर त्याला कोण हटकणार? म्हणून महिनोन् महिने काहीच कळत नाही. यंत्र सुस्त झाले, संरक्षक प्रणाली आपोआप बंद पडली, आपल्या नावाने न लिहिलेली पत्रे गेली, अशी चिन्हे दिसली तर नशीब समजावयाचे.

स्नेह्यांचा फोन येताच मी पुण्याच्या भाचीला फोन लावला. ती संगणकाच्याच क्षेत्रात काम करते. तिचा पहिला शब्द होता, "मामा, आधी इंटरनेटची तार काढा. बाकीचे मग सांगा." दुसरी सूचना अशी, की त्या यंत्रावर आता एकही परवलीचा शब्द टंकावयाचा नाही, दुसऱ्या निर्धोक यंत्रावरून आधी ई-पत्राचा, मग बँकेचा शब्द बदलावयाचा, आणि प्रवेश करताना फोनवर संकेत येईल अशी दुहेरी व्यवस्था करावयाची. पैसे गेले असतील तर क्षणभरही न थांबता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावयाचे. माझे पैसे गेले नव्हते. नेण्यासारखे फारसे नव्हतेही.

मग तपासणी. चालू असलेल्या संगणकात बसलेला कार्यक्रम आपल्याविषयी खोटी साक्ष देऊ शकतो. म्हणून विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणारी सोय वापरावी; मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरमध्ये 'ऑफलाइन' तपासणीची अशी सोय असते. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २०१७ साली सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्रही असली साधने विनामूल्य देते. पुण्याच्या क्विक हील कंपनीचे नाव आपण ऐकलेच असेल. साताऱ्याच्या रहिमतपूरकडचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करीत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणू सापडू लागले तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी ते काढण्याचे कार्यक्रम लिहिले, आणि १९९० नंतरच्या दशकात त्यातून हा व्यवसाय उभा राहिला. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या अडचणीतून शास्त्र जन्मावे, ही गोष्ट मला फार मराठी वाटते.

माझ्या यंत्रावरच्या तपासणीत एक दिंडी सापडली आणि निघालीही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. भाचीने तो टाकू दिला नाही. "एक सापडली, मामा. दुसरी नाहीच, हे कशावरून?" थॉम्प्सन यांचेच म्हणणे ती निराळ्या शब्दांत सांगत होती. ज्याने सहा आठवडे घरात मुक्काम केला, त्याने जाताना आणखी कोणती वीट सैल करून ठेवली हे तपासत बसण्यापेक्षा भिंतच नव्याने घालावी. तेव्हा आम्ही तसे केले. लिप्यंतरे, छायाचित्रे, पत्रे एवढेच कागद वेगळ्या डिस्कवर घेतले; एकही कार्यक्रम घेतला नाही. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विंडोजची ताजी प्रत पेनड्राइव्हवर करून घेतली. जुन्या डिस्कवरचे सारे विभाग पुसून विंडोज पुन्हा चढविले, सर्व दुरुस्त्या येऊ दिल्या, आणि मगच ते कागद तपासून परत आत घेतले. टंक बदलणारी प्रणाली रीतसर विकत घेतली. किंमत ऐकून जरा कळवळलो, एवढेच.

राहिले पुण्याचे स्नेही. माझ्या नावाने आलेली फाईल त्यांनी उघडली होती. तेव्हा त्यांना सावध करणे माझे कर्तव्य होते. मी घाईघाईने फोन करून सांगितले, "सगळे पुसून नव्याने चढवा." कागद आधी वेगळे काढून ठेवा, हे सांगावयाचे माझ्याकडून राहून गेले. ते सरळ मनाचे गृहस्थ. शेजारच्या मुलाला बोलावून त्यांनी त्याच संध्याकाळी सारे पुसून टाकले. जुन्या बखरींतल्या शब्दांची त्यांची सूची, नऊ वर्षांचे काम, तेवढ्या एकाच ठिकाणी होती.

ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचे एक जाड पाकीट टपालाने कृष्णपुऱ्यात आले. आत 'अ' पासून 'औ' पर्यंतची सूची होती, शंभरपानी वहीत, शाईने लिहिलेली. आणि सोबत एक चिठ्ठी, की या वहीची एक नक्कल तुमच्याकडेही असावी.